आपले वाहन परत बोलावण्यात येत आहे

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र उभ्याने वाचू नका. जाऊबाईंनी ते तुम्हाला मागच्या खोलीत चहाबरोबर आणून दिलं असेल, तर तिथेच खुर्चीत बसा आणि पंखा लावा. (मिक्सरचा आवाज येत असेल तर येऊ द्या. जाऊबाईंना आज बरंच काही वाटायचं आहे.) तुमची प्रकृती ठीक असेल अशी आशा करण्याची पत्रात पद्धत असते. मला आशा करावी लागत नाही, कारण माझ्याकडे पक्की बातमी आहे : खोकला गेला, गुडघा तसाच आहे, आणि दुकानात स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या फ्रेमा स्वतःच काढण्याचा हट्टही तसाच आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मुलींना आशीर्वाद. तुम्हाला आशीर्वाद द्यायचा की तुमचा कान धरायचा, ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

आता मुद्दा. तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली आमची जी गाडी उभी आहे, तिचे ब्रेक सदोष आहेत. ती गाडी रविवारी घाट उतरणार नाही. सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी खाली न्यायचं आहे, ते टॅक्सीने न्या, बसने न्या, पाहिजे तर पालखीत घालून न्या, पण या गाडीतून न्यायचं नाही. हे मी पहिल्याच पानावर लिहिते आहे, कारण महत्त्वाची गोष्ट आधी सांगावी आणि रडायचं असेल तर नंतर रडावं, असं मी वसतिगृहातल्या मुलींना वर्षानुवर्षं बजावत आले. अधीक्षकबाई निवृत्त झाल्या म्हणून त्यांची शिस्त निवृत्त होत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी पत्र कशाला, वहिनींनी फोन करायचा. भाऊजी, वहिनींनी फोन केले. मी फोन केला की तुमच्या दुकानात नेमकं कुणाचे तरी डोळे तपासणं चालू असतं. सकाळी केला तरी तेच, ऐन जेवणाच्या वेळी केला तरी तेच. इतके डोळे तपासून झाल्यावरही तुमच्या गावात एखादा बिनचष्म्याचा माणूस शिल्लक असेल, तर त्याचा जाहीर सत्कार करायला हवा. मग तुमच्या बंधुराजांनी फोन केला. तो तुम्ही लगेच उचललात. 'अरे, गाडी परत हवी आहे,' असं ते बिचारे सरळ म्हणाले. त्यावर तुम्ही काय बोललात ते मी शेजारी उभी राहून ऐकलं आहे. 'दादा, समजलं मला. वहिनी शेजारीच आहेत ना? तू काही बोलू नकोस. नुसता खोक.' तुमचे बंधुराज गोंधळून खोकले. 'बस्स, कळलं!' असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. (तो खोकला खरा होता. यांना शब्द सुचला नाही की खोकला येतो, हे सख्ख्या भावाला ठाऊक असायला हवं.)

यात सगळा दोष तुमचा नाही, हे मान्य करते. 'मी स्वतः मागितली तरी गाडी देऊ नकोस, माझ्यावर दबाव असेल,' अशी शपथ त्यांनीच तुम्हाला घालून ठेवली होती. तुम्हीही ती मोठ्या हौसेने घेतलीत. शपथेबरोबर वापरायला गाडी मिळत असेल तर कुणीही वचनाला जागेल. पण ही शपथ कशापायी घातली गेली, ते तुम्हाला अजून धड कुणी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं की आमच्या फाटकासमोर पाइपलाइनसाठी खणून ठेवलं आहे आणि वहिनींना गाडी विकून टाकायची आहे. मला सांगितलं की गाडी पॉलिशला गेली आहे. फाटकासमोरचा रस्ता जसाच्या तसा आहे. गाडी विकण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही (माणसाबद्दल असे विचार कधीकधी येतात, गाडीबद्दल नाही). तेव्हा खरं काय झालं ते सांगते. जरा लांबण लागेल, पण चहा आहेच तुमच्यासमोर.

सुरुवात झाली गादीवाल्यापासून. आमच्या बाजाराच्या रस्त्याला जो उतार आहे, त्याच्या पायथ्याशी त्याचं दुकान आहे. नव्या गाद्या तो दुकानाबाहेर एकावर एक रचून ठेवतो. त्या दिवशी हे गाडी चालवत होते आणि मी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. (मांडीवर, कारण यांच्या गाडीत मागच्या सीटवर भाजी ठेवायला मनाई आहे. काही खायलाही मनाई आहे आणि मोठ्याने बोलायलाही. गाडीबरोबर आलेल्या माहितीपुस्तकाला खाकी कव्हर आहे, आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यात त्यांनी एक गोल चिठ्ठी चिकटवून तिच्यावर गाडीला वर्गीकरणाचा क्रमांक दिला आहे. माणूस वाचनालयातून बाहेर पडला, वाचनालय माणसातून बाहेर पडायला तयार नाही. गाडीला ते गाडीही म्हणत नाहीत, 'आपली प्रत' म्हणतात.) तर उताराच्या शेवटी यांनी ब्रेक दाबला. दाबला असं मी म्हणते ते यांच्या चेहऱ्यावरून. गाडीवर काही परिणाम दिसला नाही. मग यांनी दोन्ही पायांनी दाबला, म्हणजे सीटवरून जवळजवळ उभेच राहिले, आणि गाडी सावकाश, अगदी सभ्यपणे, ओळखीच्या घरी पाहुणी शिरावी तशी त्या गाद्यांत शिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळ्यात वरच्या गादीवर गादीवाला दुपारची झोप काढत होता. तो उठून बसला, काचेतून यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'काका, गादी बघायची तर खाली उतरून बघतात.' यांनी त्याची माफी मागितली आणि ओशाळून दोन उशा विकत घेतल्या. घरी येताना मी म्हटलं, ब्रेकमध्ये काहीतरी बिघाड आहे. तर म्हणे, 'ब्रेक उत्तम आहेत. उतार जास्त आहे.' तो उतार आमच्या लग्नाआधीपासून तिथेच आहे आणि तेवढाच आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीची नोटीस आली. तशी ती आधी मोबाइलवरही आली होती, पण यांनी ती लॉटरीची जाहिरात समजून पुसून टाकली. मग पोस्टाने आली, तेव्हा मी बँकेत गेले होते. कंपनीने कुणाकडून तरी मराठी करून घेतलं असावं. पहिलंच वाक्य असं : 'सुरक्षाविषयक कारणास्तव आपले वाहन परत बोलावण्यात येत आहे.' बस्स. दुसऱ्या कुणी हे वाचून सर्व्हिस सेंटरला फोन लावला असता. पण वाचणारा उभा जन्म ग्रंथपाल! या माणसाने हयातभर लोकांना एकच निरोप धाडला : आपल्याकडील पुस्तक परत करावे. त्यांच्या लेखी परत म्हणजे परत. परत गेलेली वस्तू कपाटात जाते आणि तिथून दुसऱ्या वाचकाच्या हातात पडते. कंपनीला आपली गाडी परत हवी आहे, आणि ती आता कुणा खाणाऱ्या-सांडणाऱ्या माणसाला दिली जाणार, असं यांच्या मनाने घेतलं. त्याहून वाईट म्हणजे, गादीवाल्याकडची गोष्ट कंपनीला कळली आणि म्हणून आपल्याला नालायक ठरवलं, असंही त्यांना वाटलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, खिडकीबाहेर बघत. तेव्हा मी हसले नाही. तुम्हीही हसू नका.

आता गाडी वाचवायची कशी? पुस्तकं दाबून ठेवणाऱ्यांच्या सगळ्या युक्त्या या माणसाला तोंडपाठ. घर बदललं म्हणणारे, उंदरांनी खाल्लं म्हणणारे, आम्ही कधी नेलंच नव्हतं म्हणणारे. प्रत्येकाला यांनी पुरून उरून पुस्तक वसूल केलेलं आहे. एकाच उत्तरापुढे त्यांनी आयुष्यभर हात टेकले : 'पुस्तक भावाकडे आहे, आणि भाऊ परगावी असतो.' कळलं का, भाऊजी, तुमच्यावर एवढं प्रेम का उतू गेलं ते? भाऊ आणि परगावी, या दोन्ही अटी तुम्ही पूर्ण करता. मी बहिणीकडे गेल्याची संधी साधून यांनी गाडी तुमच्या अंगणात आणून घातली. ज्या गाडीने गादीवाल्याला झोपेतून उठवलं, तीच गाडी चालवत ते एवढ्या लांब आले. रस्ता सपाट होता म्हणून निभावलं. या एका गोष्टीवरून मी त्यांना जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मला संशय आला तो यांच्या शांतपणामुळे. एरवी गाडी गॅरेजात असली की हे पाण्याची बाटली घेऊन तिथे जातात आणि मेकॅनिकच्या डोक्याशी बसून राहतात. या वेळी गाडी म्हणे पॉलिशला गेलेली, आणि हे घरात बसून शब्दकोडं सोडवताहेत! तेवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. 'ताई, गाडी दिलीत, फार सोय झाली हो. फक्त ब्रेक जरा घट्ट आहेत. पण हे म्हणतात, नवी चप्पलही आधी घट्टच असते, वापरून सैल होईल.' मी फोन ठेवला आणि यांच्यासमोर जाऊन बसले. नुसती बसले. वसतिगृहात ही युक्ती कधी वाया गेली नाही. आपण गप्प बसलो की समोरचा बोलायला लागतो. यांनी शब्दकोड्यातून मान वर न काढता विचारलं, 'काय?' मी गप्प. 'काही हवंय का?' मी गप्प. मग खोकला आला. मग ते उठले आणि गादीवाल्याकडून आणलेल्या उशीच्या अभ्र्यातून नोटीस काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. त्या उशांचा काही उपयोग होईल असं तोवर मला वाटलं नव्हतं.

नोटीस चांगली दोन पानी होती. यांनी त्यातलं एक वाक्य वाचलं होतं! सबंध आयुष्य ज्याने लोकांना वाचायला शिकवलं, त्या माणसाने पहिल्या पूर्णविरामाशी वाचन संपवलं. तुमचं निदान तसं नाही. तुम्ही हातात घेतलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत क्रमाने वाचता, मधली ओळ गाळत नाही, शेवट आधी बघत नाही. हे वळण यांनीच तुम्हाला लहानपणी लावलं, शेवटचं पान आधी उघडलंत की टपली मारून. त्या टपल्यांबद्दल मला आज फार कृतज्ञता वाटते. का, ते पुढे येईल. बसलेले आहात ना?

तर त्या दोन पानांत पुढे सगळं स्वच्छ लिहिलं होतं, आणि ते तुम्हीही नीट समजून घ्या. ब्रेकच्या पेडलमागे एक गोल डबा असतो. आपल्या पायाचा जोर वाढवून पुढे चाकांकडे पोचवायचा, हे त्याचं काम. त्याला बूस्टर म्हणतात. आमच्या गाडीच्या वेळी बनलेल्या काही गाड्यांत त्या डब्यातलं रबर हलकं निघालं. ते चिरतं. चिरलं की पायाला कुणाची मदत राहत नाही, पेडल दगडासारखं होतं आणि गाडी थांबायची तिथे न थांबता तिला वाटेल तिथे थांबते. थोडक्यात, ती तुमच्या बंधुराजांसारखी होते : हलकेच सांगितलेलं कळत नाही, दोन्ही पायांवर उभं राहून सांगावं लागतं. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. घाटात दर वळणावर ब्रेक लागतो, आणि तिथे गाद्या रचून ठेवलेल्या नसतात. हे कंपनीला कळलं, म्हणून तिने त्या सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी मागवल्या. डबा बदलून देतात, त्याचा एक पैसा घेत नाहीत, आणि गाडी ज्याची त्याला परत देतात. गाडी जुनी असली तरी देतात, एकाने दुसऱ्याला विकलेली असली तरी देतात. परत बोलावणं म्हणजे एवढंच. त्यात मालकाची चूक नसते आणि मालकाची गाडीही जात नाही.

नोटीस खरी की खोटी, याचीही मी खात्री करून घेतली. कुणीतरी गेटवर येऊन 'मी मामा आहे' म्हटलं म्हणून मी कधी मुलीला बाहेर सोडलं नाही, तेव्हा नुसत्या कागदावर विश्वास ठेवणार नव्हतेच. त्यात छापलेला नंबर बाजूला ठेवला आणि कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः शोधून गेले. तिथे गाडीचा चासी नंबर टाकला की आपली गाडी त्या यादीत आहे की नाही ते कळतं. (तो नंबर आरसीवर असतो. यांनी तो त्या गोल चिठ्ठीवरही लिहून ठेवला आहे, वर्गीकरण क्रमांकाच्या खाली. वेडेपणालाही कधीकधी उपयोग असतो.) गाडी यादीत निघाली. मग गावातल्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या बाईंनी एकच विचारलं, 'सध्या पेडल घट्ट लागतंय का?' मी म्हटलं, नव्या चपलेसारखं. त्या म्हणाल्या, 'मग ती गाडी कुणी चालवू नका. इकडे आणायलासुद्धा नाही.'

एवढं सगळं यांना वाचून दाखवलं तरी यांचं समाधान होईना. 'दुरुस्त करतील हे ठीक, पण परत कशाला म्हणायचं?' शेवटी मी त्यांच्याच भाषेत शिरले. विचारलं, 'एखाद्या पुस्तकाची पानं सुटायला लागली की तुम्ही काय करायचात?' 'वाचकाकडून मागवून घ्यायचो.' 'कशाला?' 'बांधणीला द्यायला.' 'आणि बांधून आलं की?' 'ज्याच्याकडून घेतलं त्यालाच आधी—' इथे ते थांबले. चेहरा हळूहळू उजळत गेला. बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी ते नीट जेवले. जेवून उठले ते लाल पेन्सिल घेऊन नोटीस दुरुस्त करायला बसले. 'परत बोलावण्यात येत आहे' खोडून त्यावर 'बांधणीसाठी मागवण्यात येत आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, बाकीच्या मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही काढल्या, आणि आता तो कागद ते कंपनीला पाठवणार आहेत. गुण किती द्यायचे, यावर अजून विचार चालू आहे.

म्हणजे मोठे भाऊ ताळ्यावर आले. राहिलात तुम्ही. जाऊबाईंनी तुम्हाला ब्रेकचं सांगून पाहिलं, तर तुम्ही म्हणालात म्हणे, कंपन्या उगाच घाबरवतात. मग म्हणालात, इतके दिवस चालली, आता काय होणार आहे. मग पेडलच्या सांध्यात शिवणयंत्राचं तेल सोडलंत आणि म्हणालात, बघ, कसं मऊ झालं! भाऊजी, तुमच्या दुकानात रोज एक तरी माणूस 'मला सगळं स्वच्छ दिसतं' असं म्हणत येतो आणि तक्त्यावरच्या खालच्या ओळीशी अडतो. त्याला तुम्ही काय म्हणता, ते मी स्वतः ऐकलं आहे. 'तुम्हाला स्वच्छ दिसत नाही, अंधुक दिसायची सवय झालीय.' फार शहाणं वाक्य आहे. तेच आता त्या पेडलवर पाय ठेवून स्वतःला म्हणा.

सासूबाईंना सध्या एका डोळ्याने धुकं दिसतं आणि दुसऱ्याने तुम्ही दिसता. त्या मागच्या सीटवर बसतील. वळण दिसणार नाही, पण गाडी कलली की त्यांना कळेल. मग त्या म्हणतील, 'सावकाश रे.' तुम्ही म्हणाल, 'हो आई.' आणि गाडी ऐकणार नाही. मला हे नको आहे. याहून गोड शब्दांत लिहिता येत नाही.

गाडीची चावी सापडत नाही म्हणून तुम्ही सगळ्या घराला कामाला लावलं आहे, आणि नवी करून घ्यायला उद्या चावीवाल्याला बोलावलं आहे, असंही कळलं. त्याला येऊ नको म्हणून सांगा, आणि शोधणं थांबवा. मुलींनी हरवलेली नाही. त्यांना बोललात ते मागे घ्या.

बाकी सगळं ठीक. ठरल्याप्रमाणे शेवटाला आले आहे, तेव्हा निकाल सांगते : आशीर्वाद. कान पुढच्या भेटीत.

तुमची,
वहिनी

ता. क. आता उठायला हरकत नाही. पुढच्या खोलीत जा आणि खिडकीतून अंगणात बघा. हे पत्र घेऊन आला तो माणूस कुरियरचा नव्हता. तो सर्व्हिस सेंटरचा ड्रायव्हर, आणि मिक्सर चालू होता तो त्याच्या ट्रकचा आवाज तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणून. (जाऊबाईंना आज काहीच वाटायचं नव्हतं. मिक्सर रिकामाच फिरत होता.) चावी साखरेच्या डब्यात होती, ती त्यांनी ड्रायव्हरला दिली आहे. खरं तर कुठल्याही डब्यात चालली असती, तुम्ही कुठलाच उघडत नाही. एरवी मला एवढी लांबलचक पत्रं लिहायची हौस नाही, दोन ओळींत काम भागलं असतं. पण गाडी ट्रकवर चढवून पट्टे आवळायला वेळ लागतो असं ड्रायव्हर म्हणाला, म्हणून गादीवाला सविस्तर लिहिला. तुम्ही शेवट आधी वाचणार नाही, याची खात्री होतीच.

ता. क. दुसरा. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी टोपी पुढे ओढून जे गृहस्थ बसले आहेत, ते तुमचे बंधुराज. गाडीला एकटीला पाठवायला ते तयार होईनात. तुम्हाला तोंड कसं दाखवायचं या विचाराने ते खाली उतरणार नाहीत. तुम्ही जाऊन उतरवा. शपथेबद्दल चकार शब्द काढू नका. तुम्ही ती पाळलीत याचा त्यांना मनातून अभिमान वाटतो, पण माझ्यासमोर तसं म्हणता येत नाही.

ता. क. तिसरा. आता मुख्य काम, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. त्यांच्या पायाशी एक बॅग आहे. तिच्यात गाडीची कागदपत्रं आहेत, असं मी त्यांना सांगितलं आहे. कागदपत्रं ड्रायव्हरकडे आहेत, बॅगेत यांचे कपडे आहेत. त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्या. नाहीतर हे सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बसतील, तिथल्या लोकांना शांतता राखा म्हणतील, आणि भिंतीवरच्या पाट्या लाल पेन्सिलीने तपासतील. त्या बाई मला भल्या वाटल्या, त्यांच्यावर ही वेळ नको. रविवारी सकाळी दाराशी टॅक्सी येईल. (तिचे ब्रेक कसे आहेत हे मी मालकाला दोनदा विचारून घेतलं आहे. दुसऱ्यांदा तो चिडला.) सासूबाईंबरोबर तुम्ही दोघेही जा. थोरला जवळ असला की त्यांना धीर येतो, आणि धाकटा असला की रागवायला कुणीतरी मिळतं. परत बोलावण्यात येईपर्यंत त्यांना इकडे पाठवू नये. परत बोलावणं म्हणजे काय, ते आता तुम्हा दोघांनाही कळलं आहे.

ता. क. शेवटचा. वर 'परत बोलावण्यात येईपर्यंत' असं लिहिलं आहे, त्याचा अर्थ रविवार संध्याकाळ असा घ्यावा. त्याच टॅक्सीने पाठवलंत तरी चालेल. घरात कुणी खोकत नसलं की मला वाचायला बसवत नाही.